आधी डोळे किलकिले करा

पत्र थोडं कापून देत आहे:

«वय ५४. शाळा सुटल्यावर हातात ब्रश धरला नव्हता. गेल्या वाढदिवसाला मुलीने तैलरंगांचा २४ ट्यूबांचा संच दिला आणि मला वेडच लागलं. ८ महिन्यांत १४ कॅनव्हास झाले, पण पूर्ण म्हणावा असा एकही नाही. टोपलीतली फळं काढायला बसते. पहिल्या तासात बरी दिसतात, तिसऱ्या तासाला सगळ्यांचा मिळून चिखल होतो. निसर्गचित्रं फोटोवरून करते, ती हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी दिसतात. काळ्या पार्श्वभूमीच्या एका चित्राला तर दोन महिन्यांतच भेगा पडल्या. टर्पेंटाइनच्या वासाने घरचे वैतागलेत. (रंग पुसलेल्या चिंध्या मी बाल्कनीत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवते, भरली की टाकते, त्यांनाही वास येतो म्हणे.) चित्रकला शिकलेली मैत्रीण सांगते, दोन वर्षं फक्त स्टिल लाइफ (मांडून ठेवलेल्या वस्तूंची चित्रं) कर, मग डोंगरांकडे वळ. मला तर डोंगरच काढायचेत. तिचं ऐकू का? आणि चित्र पूर्ण झालं हे ओळखायचं कसं?
— आरंभशूर»

प्रिय आरंभशूर,

बाकी सगळं नंतर. ती बाल्कनीतली पिशवी आधी रिकामी करा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

झालं? आता कारण सांगते. जलरंगातलं पाणी उडून जातं म्हणून तो रंग वाळतो. तैलरंगातलं जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं, आणि हे होताना उष्णता बाहेर पडते. कॅनव्हासवरच्या पातळ थरातली उष्णता हवेत विरून जाते, तिचा पत्ताही लागत नाही. पण चुरगळून कोंबलेल्या चिंध्यांमध्ये ती कोंडते, वाढत जाते, आणि कुणी काडी न लावता चिंध्या पेट घेऊ शकतात. तुमच्या पत्रात ही गोष्ट कंसात होती, म्हणून मी ती सगळ्यात वर घेतली. यापुढे तेलकट चिंधी एकतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, नाहीतर घराबाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा. कडक झाली की मग टाकायला हरकत नाही.

तेल वाळतं कसं हे लक्षात आलं की तुमच्या भेगांचंही कोडं सुटतं. वरचा थर खालच्या थराच्या आधी घट्ट झाला, आणि खालचा मात्र अजून हलतोच आहे, तर वरच्याने तडकायचं नाही तर काय करायचं? काळी पार्श्वभूमी म्हणालात, तेव्हाच मला शंका आली. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो. तो तुम्ही जाड थापला असणार आणि आठवड्याभरात त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग चढवला असणार. जुना नियम याच्या बरोबर उलट आहे: खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेला, मधला ट्यूबमधून निघतो तसा, आणि शेवटच्या हातात हवं तर थेंबभर जवसाचं तेल. सुरुवातीच्या रेखाटनाला अंबर हा तपकिरी मातकट रंग वापरा. त्यात मँगनीज असल्यामुळे तो लवकर वाळतो, म्हणून पुढच्या थरांना पक्का पाया मिळतो. भेगाळलेल्या चित्रावर मात्र पुन्हा रंगवू नका, खालच्या भेगा आज ना उद्या वर येतातच.

वासाचं उत्तर सोपं आहे. वास येतो तो टर्पेंटाइनचा, तेलाचा नव्हे. रंगवताना ब्रश धुवायची गरजच नसते, चिंधीने घट्ट पुसला की पुरतो. रंग बदलताना फारच चिकटला असेल तर थोड्या जवसाच्या तेलात बुडवून पुसा, आणि काम संपल्यावर साबण व कोमट पाणी. पहिल्या पातळ थरापुरतं टर्पेंटाइन वाटीभर काढा, वाटीवर झाकण ठेवा, खिडकी उघडी ठेवा. बिनवासाचं म्हणून मिळणारं द्रावक घेतलंत तरी खिडकी उघडीच हवी. त्याला वास नसला तरी वाफ असतेच.

नमनाला घडाभर तेल झालं, तेही जवसाचं. आता चिखलाकडे वळू.

तुम्ही लिहिता की फळं पहिल्या तासात बरी दिसतात. माझ्या मते या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. पहिल्या तासात तुमच्याकडे मोजके रंग असतात, ठसठशीत डाग असतात, आणि उजेड कुठला, सावली कुठली हे स्पष्ट असतं. मग तुम्ही ‘सुधारायला’ लागता. सावलीत जरा पांढरा, उजेडात जरा तपकिरी, कडेला पुन्हा पांढरा, आणि ब्रश न पुसता हे सगळं ओल्या रंगावर. दोन तासांनी उजेड तितका उजळ राहत नाही आणि सावली तितकी गडद राहत नाही. दोघी एकमेकींकडे सरकत सरकत मध्येच कुठेतरी भेटतात. त्यालाच तुम्ही चिखल म्हणता. म्हणून वेगळा लाल किंवा वेगळा पिवळा आणून तो जाणार नाही. दोष रंगात नाही, टोनमध्ये आहे. टोन म्हणजे एखादी जागा शेजारच्या जागेपेक्षा किती उजळ किंवा किती गडद आहे, एवढंच.

मी स्वतः शिकताना सुरुवातीची दोन वर्षं लिंबू पिवळं असतं म्हणून ते आख्खं पिवळं रंगवायचे. सावलीतलं लिंबू पिवळं नसतंच, ते हिरवट-तपकिरी आणि बऱ्यापैकी काळवंडलेलं असतं. पण डोळ्यांआधी मेंदू बोलतो: लिंबू, पिवळं, पुढे चला. या बडबड्या मेंदूला गप्प करायचा एकच उपाय मला सापडला, तो म्हणजे डोळे किलकिले करणं. पापण्या इतक्या मिटा की वस्तूंचे तपशील विरघळतील आणि समोर फक्त चार-पाच गडद-उजळ ठिगळं उरतील. मग स्वतःला विचारा, यातलं सगळ्यात गडद ठिगळ कोणतं? सगळ्यात उजळ? आणि हे जे मधलं आहे, ते त्या दोघांपैकी कुणाच्या जवळचं? डोळे उघडे ठेवून या प्रश्नांची उत्तरं जवळजवळ हमखास चुकतात. किलकिल्या डोळ्यांनी क्वचित चुकतात.

पुढचा महिनाभर एवढंच करा. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, एका बाजूने एकच दिवा लावा आणि बाकीचे दिवे बंद. खोक्यात पांढरा कप, पांढऱ्याच कापडावर. २० बाय २५ सेंटीमीटरचा अस्तर लावलेला बोर्ड घ्या, आणि रंग दोनच: बर्न्ट अंबर आणि टिटॅनियम व्हाइट. पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या सुरीने, तीन ढीग कालवा, एक उजळ, एक मधला, एक गडद. या तीन ढिगांत कप उभा करायचा. मध्ये चौथा ढीग कालवायचा नाही, घड्याळ लावून ४० मिनिटांत थांबायचं. दुसऱ्या दिवशी तोच कप, दिवा दुसऱ्या बाजूला. पांढऱ्यावर पांढरं मुद्दाम सांगते आहे. कपाची सावलीतली बाजू मागच्या उजेडातल्या कापडापेक्षा गडद दिसते, हे पहिल्यांदा मनापासून पटतं तेव्हा माणूस चार दिवस सगळ्यांना सांगत सुटतो. घरच्यांनी तेवढं सहन करावं.

कंटाळवाणं वाटतंय? इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदीने (१८९०–१९६४) आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, डबे आणि फुलदाण्या काढल्या. काही बाटल्यांना तर त्याने चक्क रंग फासला होता, म्हणजे काचेची चमक आणि लेबलं जाऊन नुसता आकार आणि टोन उरावेत. आपण चमक दिसली की आधी तिच्यावर पांढरा ठिपका देऊन मोकळे होतो; त्याने चमकच पुसून टाकली. कपाला कंटाळलात की त्याच्या चित्रांतल्या दोन बाटल्यांमधली फट बघा. ती फटसुद्धा बाटलीइतकीच काळजीने रंगवलेली दिसेल.

महिन्यानंतर रंग. २४ ट्यूबांपैकी १८ खोक्यात परत ठेवा. बाहेर ठेवायच्या सहा: टिटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन. संचातल्या ट्यूबांवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचायची सवय लावा. पीडब्ल्यू ६ म्हणजे टिटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. नुसतं ‘व्हाइट’ लिहिलेल्या ट्यूबमध्ये झिंकच असेल तर जाड थरांत तो टाळा, त्याचा थर वाळल्यावर ठिसूळ होतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करून बघा: काळ्याहून जिवंत गडद मिळतो, आणि त्यात पांढरा घातला की निळसर ते तपकिरी अशी करड्यांची आख्खी रांग. माझ्या पॅलेटवर सर्वात जास्त खपणारी हीच जोडी आहे.

रंग कॅनव्हासवर नाही, पॅलेटवर कालवायचा. हवा तो टोन सुरीने तयार करा, सुरीच्या टोकावर घेऊन समोरच्या वस्तूच्या दिशेने धरा, डोळे किलकिले करून ताडून बघा, मग लावा आणि हात काढून घ्या. एक फटकारा, मग ब्रश पुसा. हे ऐकायला सोपं आहे, करताना हात शिवशिवतो. सावली पातळ ठेवा, उजेड जाड ठेवा. सावलीत पांढरा घालायचा मोह झाला की दुसऱ्या हाताने मनगट धरा.

फळांचं एक सांगायचं राहिलं. ती तुमच्यासाठी थांबत नाहीत. फ्रेंच चित्रकार सेझान इतका सावकाश रंगवायचा की खरी फुलं कोमेजून जात, म्हणून तो कागदी फुलं मांडून बसे. तुम्ही मांडणी एका जागी पक्की ठेवा, प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूने खूण करा, आणि बसायची खुर्चीही हलू देऊ नका. अर्धवट राहिलेल्या १४ चित्रांपैकी काहींचं कारण एवढंच असेल, की दुसऱ्या दिवशी टोपली उचलून परत ठेवली आणि उजेड बदलला.

आता डोंगर.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. स्टिल लाइफ हा शिकण्याचा उत्तम मार्ग आहे, कारण दिवा तुमचा, मांडणी तुमची, आणि वस्तू जागच्या हलत नाहीत. पण दोन वर्षं? ज्याला डोंगर काढायचेत त्याला दोन वर्षं कपबशीसमोर बसवलं तर तो एके दिवशी ब्रश ठेवून देईल. शिवाय ही काही खालची-वरची पायरी नव्हे. सतराव्या शतकातल्या फ्रेंच अकादमीने चित्रविषयांची उतरंड लावून इतिहासचित्रं सगळ्यात वर आणि स्थिरचित्रं सगळ्यात तळाशी ठेवली होती. पुढे १७२८ मध्ये त्याच अकादमीने शार्दँ या चित्रकाराला सदस्य करून घेतलं ते मासे, भांडी आणि सुऱ्यांच्या चित्रावर. मोरांदी बाटल्यांबरोबर ग्रिझाना या गावाच्या टेकड्याही काढत होता, सेझान सफरचंदांबरोबर सँत-व्हिक्त्वार पर्वत. तीन दिवस कप, चौथ्या दिवशी खिडकी, असं चालू द्या.

फोटो मात्र बाजूला ठेवा, निदान सध्या. कॅमेरा आकाशाला सांभाळायला जातो तेव्हा झाडांच्या सावल्या काळ्याकुट्ट करतो, आणि सावल्या सांभाळल्या तर आकाश पांढरंफटक. टोनचा जो अभ्यास तुम्हाला करायचा आहे, तो त्याने आधीच तुमच्या वतीने उरकलेला असतो, आणि चुकीचा. खिडकीतून जे दिसतं ते काढा. अर्ध्या झाडाचं आणि समोरच्या भिंतीचं चित्रही निसर्गचित्रच असतं.

तुमची सतरंजी कशामुळे होते? झाड हिरवं, गवत हिरवं, डोंगर हिरवा, असं मेंदूने सांगितलं आणि हाताने ऐकलं. पुन्हा लिंबाचीच गोष्ट. अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक जॉन कार्लसन याची एक मांडणी इथे फार उपयोगी पडते. उजेड आकाशातून येतो, म्हणून सर्वात उजळ बहुधा आकाश. सपाट जमीन आकाशाकडे तोंड करून पडलेली असते, म्हणून ती त्याखालोखाल उजळ. डोंगराचा उतार तिरका, त्याला त्याहून कमी उजेड मिळतो. आणि झाडं सरळ उभी, म्हणून ती सर्वात गडद. झाड आणि गवत एकाच हिरव्याचे असले तरी एक उभं आणि एक आडवं आहे, म्हणून त्यांचा टोन वेगळा. याला अपवाद पुष्कळ आहेत, बर्फ हा पहिलाच. पण चार ढीग कालवून सुरुवात करायला ही मांडणी पुरते. कप रंगवताना जे तीन ढीग केलेत, त्यात फक्त एकाची भर.

हिरव्याची ट्यूब त्या १८ मध्येच राहू द्या. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकरने मंद, मातकट हिरवा होतो, तोच अल्ट्रामरीन लेमन यलोबरोबर जास्त तजेलदार. डोळ्यांत खुपला तर चिमूटभर बर्न्ट सिएना घाला. तांबडा हिरव्याला लगेच शांत करतो. जसजसं दूर जाल तसतशी हवा मध्ये येते, गडद रंग फिके आणि निळसर होतात, उजळ-गडदातलं अंतर कमी होतं. लिओनार्दोने हे पाचशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय. म्हणून लांबच्या डोंगरावर एकेक झाड काढू नका. आणि फांद्यांच्या फटींतून दिसणारं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा एक छटा गडद ठेवा, नाहीतर झाडाला दिवाळीच्या माळा लावल्यासारख्या दिसतात.

वेळेचं काय? व्हालॉंसियेन या फ्रेंच चित्रकाराने १८०० च्या सुमारास विद्यार्थ्यांना सांगून ठेवलंय: उघड्यावरच्या अभ्यासाला फार तर दोन तास, आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धाच तास. त्या काळी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून न्यावे लागत. पिळायची पत्र्याची ट्यूब जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये आणली, म्हणजे त्या मानाने आपली बरीच सोय आहे. फ्रेंच चित्रकार मोने तर गवताच्या गंजी काढताना (१८९०–९१) उजेड बदलला की चालू कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने १८२१–२२ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे अभ्यास केले, आणि मागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवला. तुम्हीही बोर्डाच्या मागे वेळ लिहा. उद्या त्याच वेळेला बसलात तरच ते चित्र पुढे नेता येईल. नाही जमलं तर नवा बोर्ड घ्या, कालच्या सावल्यांवर आजच्या सावल्या चढवू नका. निसर्गचित्रांतला चिखल बहुतेक असाच होतो.

राहिला शेवटचा प्रश्न, पूर्ण कधी? माझी खूण सांगते. समोरच्या वस्तूकडे न बघता मी नुसत्या कॅनव्हासकडे बघून बारीक ब्रशने टोचत बसले आहे, असं लक्षात आलं की उठते. चित्र भिंतीकडे तोंड करून दोन दिवस ठेवते आणि मग आरशात बघते. आरशात उलटं झालेलं चित्र परकं दिसतं, त्यामुळे चुकलेला टोन लगेच डोळ्यात भरतो. तो एक दुरुस्त करायचा, बास. भिंतीकडे तोंड मात्र दोनच दिवस. महिनोन्‌महिने अंधारात राहिलेलं जवसाचं तेल पिवळं पडतं. तसं झालंच तर उजेडात ठेवल्यावर बरंचसं निवळतं. वॉर्निशची घाई नको, पातळ चित्रालाही सहा महिने आणि जाडाला वर्षभर द्या.

तुमच्या १४ मधली जी पहिल्या तासाला बरी दिसत होती, त्यांचे त्या वेळचे फोटो आहेत का? असतील तर चार-पाच पाठवा. इथे मला फोटो चालेल. आणि हो, ‘आरंभशूर’ ही सही बदला. ८ महिन्यांत १४ कॅनव्हास करणाऱ्या बाईला ती शोभत नाही.